अकरावी भाकरी

भाकरी आता टेम्पोतून येतात. निळ्या प्लास्टिकच्या क्रेटमध्ये एकावर एक रचलेल्या, वर ओला पंचा. काष्टीकडच्या कुठल्याशा बचत गटाला आधी सांगून ठेवायचं, म्हणाल तितक्या मिळतात. यंदा चैत्रात भैरोबाच्या यात्रेला गेले, तेव्हा माझ्यासमोरच टेम्पोचा फाळका पडला, पोरांनी क्रेट उतरवले आणि झालं. सगळ्या भाकरी एका मापाच्या, एका जाडीच्या, एकीच्याही कडेला चीर नाही. मला मेलीला चीर शोधायची सवय. दोन क्रेट चाळून पाहिले. नाहीच.

"आजी, काय करतेयस तू?" नातीनं, सईनं, मागून विचारलं.

"तपासतेय."

"पण काय?"

"काही नाही गं. वय झालं की माणूस काहीबाही तपासत बसतं."

देवळापुढं आता सिमेंटचा मंडप आहे, पंखे आहेत, म्हाताऱ्यांसाठी खुर्च्या आहेत. पण आमटी अजून कढईतच होते आणि कढईखाली अजून लाकूडच जळतं. भाजलेलं खोबरं, करपायच्या जरासा आधी उतरवलेला कांदा, ठेचलेला लसूण, काळा मसाला आणि या सगळ्याच्या खाली बाभळीचा धूर. पन्नास वर्षांत या वासाला एक सुरकुती पडलेली नाही. माझ्याकडं बघा.

"बाबा सांगतात, तू हे आमटी-भाकरीचं सगळं परदेशात शिकलीस," सई म्हणाली. "आणि तू म्हणतेस, इथं शिकले. खरं काय?"

"दोन्ही खरं. हाच तो परदेश."

तिला वाटलं, आजीचं नेहमीचं चाललंय. ती फोटो काढायला निघून गेली. मी खुर्चीत बसले आणि धुरानं डोळे चुरचुरायला लागले. धुरानंच.

माझा जन्म मोंबासाचा. वडील मूळचे या तालुक्यातले, पण तरुणपणीच बोटीत बसून आफ्रिकेला गेले आणि रेल्वेच्या स्टोअरात चिकटले. आमच्या घरात 'देश' हा शब्द सारखा असायचा. देशात असं नसतं. देशातल्या पोरी अशा दात काढत नाहीत. देशातली बाजरी ती बाजरी. खिडकीबाहेर खारा वारा, नारळाची झाडं, कोपऱ्यावर कोळशावर भाजलेला मोगो, म्हणजे कसावाचा कंद, त्यावर तिखट आणि लिंबू. आणि खिडकीच्या आत देश. एकाहत्तर साली वडिलांनी मला देशात आणून दिली, लग्न लावलं आणि ते परत गेले. तोवर मला वाटत होतं की मी घरी चालले आहे. काष्टीला एस.टी.तून पाय खाली ठेवला आणि कळलं की परदेशी तर मी आत्ता आले.

ती अठरा वर्षांची पोर मला अजून स्वच्छ दिसते, आणि तिची कीव यायच्या ऐवजी हसूच येतं. पायात टाचेच्या चपला. त्या पहिल्याच पावलाला फुफाट्यात रुतल्या आणि एक टाच तिथंच राहिली. हातात पेटी, पेटीत भरतकामाचं सर्टिफिकेट आणि केक भाजायचं भांडं. केक! त्या गावात अंडंसुद्धा कोंबडीची मर्जी सांभाळून मिळायचं. आफ्रिकेतली बाई कशी असते ते बघायला आळीतली पोरं जमली होती. माझ्याकडं नीट बघून ती फार हिरमुसली. "ही तर आपल्यासारखीच हाय की," असं म्हणत पांगली.

सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे. उंच, काटक बाई. कोपरापर्यंत गोंदलेले हात. घरात आत्याबाई, हे, म्हणजे माझे यजमान, आणि मी, अशी तीनच माणसं. घराची सकाळ त्यांच्या हातानं व्हायची. आधी जात्याची घरघर, मग काठवटीत पीठ मळल्याचा एक घुमल्यासारखा आवाज, मग थापायला लागल्या की थप थप थप, मध्ये जरासं थांबून भाकरी फिरवायची, पुन्हा थप थप. ऐकत पडलं की झोप लागायची. मी पडायचेही. सून असून पडायचे, लिहायला आता लाज वाटते, तेव्हा मुळीच वाटत नव्हती.

पहिल्या आठवड्यात मी शहाणपणा करून चुलीपुढं बसले. तिकडं आमच्याकडं काम करणारी बाई मक्याच्या पिठाची उगाली करायची, उकळत्या पाण्यात पीठ घोटून. ते मला येत होतं, म्हणजे भाकरी येणारच, असा माझा हिशेब. भाकरी थापता थापता एका बाजूला लांबली, दुसऱ्या बाजूला फाटली, खाली निमुळती झाली. आत्याबाईंनी ती उलथन्यावर घेऊन बराच वेळ बघितली.

"ह्यो तुझा मुलूख व्हय?" त्या म्हणाल्या. "नकाशा ब्येस काढलास. आता माझ्या पोराला खायाला काय घालू?"

मला वाईट वाटलं का? छे. त्या म्हणाल्या, "भाकरीला मी ऱ्हाते. तू च्या कर." आणि मी मनात म्हटलं, सुटले. त्यानंतर जवळजवळ दोन वर्षं मी चहा केला, सणासुदीला पोळ्या केल्या, पडद्यांवर बदकं भरली. त्या घरात पडदे लावायला खिडकी एकच होती. तिच्यावर बदकांची सात जोडपी पोहत होती आणि बाहेर विहिरीचा तळ दिसायला लागला होता.

मग बहात्तरचा दुष्काळ. त्याचं मी काय सांगू, ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको. मला आठवतो तो वास. तापलेल्या मातीचा नव्हे, तो सगळ्यांना आठवतो. मला आठवतो रेशनच्या गोणपाटाचा. मिलो ज्वारी यायची त्यात, तांबडी, परदेशातून आलेली, माझ्यासारखीच. तिचं पीठ दळून आणलं की घरात ओल्या पोत्याचा, कोंदलेला वास भरायचा. आणि आठवते शांतता. बैल गेले तशी घुंगरं गेली, रहाट थांबला. हे दुष्काळी कामावर मुकादम म्हणून जायचे. संध्याकाळी यायचे ते खडीच्या धुळीनं पापण्यांपर्यंत पांढरे होऊन.

पौषात एका सकाळी थप थप आली नाही.

मी पडून राहिले, वाट बघत. मग उठले. आत्याबाई काठवटीपाशी कलंडलेल्या होत्या, अर्ध्या मळलेल्या पिठात उजवा हात तसाच. अंगावरून वारं गेलं होतं. एक बाजू गेली. तोंड थोडं वाकडं झालं, पण जीभ शाबूत राहिली. खरं तर आणखी धारदार झाली. सगळ्या अंगाचं बळ तिच्यात येऊन बसलं असावं.

त्या दिवसापासून स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी वाकळ अंथरून त्यांना निजवायचं आणि चुलीपुढं मी. शाळा सुरू झाली.

"तळव्यानं रगड गं. बोटांनी गुदगुल्या काय करतीस पिठाला?"

"पाणी किती घालू?"

"पीठ मागंल तेवढं."

"ते कसं कळणार?"

"हाताला कळतं."

"माझ्या हाताला नाही कळत, आत्याबाई."

"माझ्या हाताला कळत हुतं," त्या म्हणाल्या.

त्यांना येत होतं आणि हात नव्हता. मला दोन धडधाकट हात होते आणि येत नव्हतं. दोघी मिळूनसुद्धा एक धड भाकरी होत नव्हती. त्यात ती मिलो. तिच्या पिठाला विरी म्हणून नाही, एकमेकांना धरून राहायची इच्छाच नाही त्या कणांना. कढत पाणी घालून उकड काढा, मळून मळून मनगटं भरून येऊ देत, थापायला घेतली की कड फाटायची. काठवटीतून उचलली की मधून जायची. तव्यावर पोचेपर्यंत तिचे तीन तुकडे. मी ते तुकडे तव्यावर जुळवून ठेवायची, वरून पाण्याचा हात फिरवायची आणि भाजून ताटात घालायची. हे मुकाट्यानं खायचे. आत्याबाईंना मी आमटीच्या पाण्यात चुरून भरवायची. चुरायचे तरी कष्ट कशाला म्हणा, ती चुरलेलीच असायची.

एकदा त्या म्हणाल्या, "माझा हात ठिव त्यात."

मी त्यांचा उजवा हात उचलून काठवटीतल्या गोळ्यावर ठेवला. गोंदणाची हिरवी झाडं पिठात टेकली. माझा हात वरून दाबला आणि दोघींच्या हातांनी मळायला लागले, जड वस्तू सरकवावी तसं. त्या डोळे मिटून होत्या.

"गरम लागतंय का?" मी विचारलं. पीठ चांगलं वाफाळत होतं.

"काय बी न्हाई लागत," त्या म्हणाल्या. "काढ. धू." आणि तोंड भिंतीकडं केलं. तो हात धुताना बोटांच्या बेचक्यांतलं पीठ निघता निघेना. मी नखानं काढत बसले आणि तिथं दुखतंय का हे विचारायचंसुद्धा मला सुचलं नाही.

एरवी मात्र त्या मला सोडत नसत. "एक तरी फुगलेली भाकरी तुझ्या हातची खाऊ घाल मला. मंग मी जायाला मोकळी."

"मग तर मी फुगूच देणार नाही," मी म्हणायची.

त्या अर्ध्या तोंडानं हसायच्या. "लबाड हाईस. येत न्हाई म्हन की!"

खरंच येत नव्हती. पण हे उत्तर सापडल्यापासून माझं अडाणीपण मला प्रेमासारखं दाखवता यायला लागलं. असली हुशारी माझ्यात तेव्हाही होती.

चैत्र आला. गावात बोलणं सुरू झालं, यंदा भैरोबाची यात्रा करायची का नाही. "दुष्काळ हाय म्हनून द्येव उपाशी ठिवायचा व्हय?" असं कुणीतरी म्हटलं आणि ठरलं. आमटीची डाळ गावानं मिळून जमवायची, ती पुरुषांनी कढईत शिजवायची. आणि भाकरी घरटी अकरा, घरच्या बाईनं घरच्या चुलीवर केलेल्या. सगळ्या घरांच्या भाकरी देवळापुढं एकत्र होतात, मग पंगतीत कुणाची कुणाच्या ताटात जाईल सांगता येत नाही. तीच त्या जेवणाची गंमत.

समोर राहणारी गजराक्का दुपारी येऊन बसली. मोठ्या मनाची बाई, गळाही मोठा. "आत्याबाई, आफ्रिकाबाईला जमायचं न्हाई. तुमच्याबी अकरा मीच करते. कुनाला कळतंय?"

"मला कळतंय," आत्याबाई म्हणाल्या.

"अवो, पर–"

"माझ्या घरची टोपली माझ्या चुलीवरनं जाईल गजरे. न्हाई गेली तर घर बसलं म्हनायचं. मी निजले हाय, घर न्हाई."

गजराक्का गेली. आत्याबाई माझ्याकडं वळल्या. पहिल्यांदाच त्या मला भ्यालेल्या दिसल्या. "करशील न्हवं?" असं विचारलं त्यांनी. दरडावून नाही. विचारलं. मी हो म्हटलं. उत्तर द्यायला मी कधीच कमी पडले नाही.

यात्रेच्या सकाळी पीठ बेताचंच होतं. अकरा भाकरींचं, वर चिमूटभर नाही. चूल पेटवली, तुराट्या कडाडल्या, तवा चढवला. पहिली फाटली. दुसरी फाटली. तिसरीला मी शिव्या दिल्या, तिकडच्या भाषेत, म्हणजे आत्याबाईंना कळू नयेत. उंबऱ्यावरून आवाज आला, "शिव्या दिऊन न्हाई फुगत ती." कळायच्या त्या कळल्याच. सात भाकरी झाल्या, सातही ठिगळं लावलेल्या. पण भाकरी तरी होत्या.

आठवीला काय झालं मला आजही सांगता येत नाही. पाणी तेच, पीठ तेच. पण तळव्याखाली गोळा एकाएकी मऊ लागला, माझं ऐकतोय असा. थापताना कड फाटली नाही. तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, मग काढून निखाऱ्याशी टेकवून उभी केली. आणि ती फुगायला लागली. आधी एका कोपऱ्यात फोड आल्यासारखी, मग सगळीकडून, हळूहळू, टम्म. पापुद्रा सुटला. कडेच्या बारीक भोकातून वाफेची शीळ आली आणि त्या कुबट मिलोला चक्क भाकरीचा वास आला.

"आत्याबाई!" मी वळले.

त्यांचा डोळा लागला होता. इतका वेळ प्रत्येक ठिगळाला जाग्या असलेल्या त्या, नेमक्या त्या मिनिटाला झोपल्या होत्या. उठवावं तर चेहरा असा शांत की हात होईना. भाकरी माझ्या डोळ्यांदेखत खाली बसली.

ती मी टोपलीत घातली नाही. पितळीखाली झाकून ठेवली. उरलेल्या तीन केल्या, पीठ संपलं. टोपलीत झाल्या दहा. मी विचार केला, एवढा गाव, एवढ्या भाकरी, देवाला एक कमी गेली तर कुठं बिघडतं? यात्रेहून आले की आमटी आणीन, त्यात ही भाकरी चुरीन आणि सांगेन, ही घ्या, फुगली होती. मग म्हणा आता काय म्हणायचं ते. डोक्यावर टोपली घेऊन निघताना मी स्वतःवर इतकी खूश होते की वाटेत गुणगुणत होते. पन्नास वर्षांनंतरसुद्धा त्या पोरीला वाटेतच अडवावंसं वाटतं. अगं थांब, भवाने, परत जा.

देवळापुढं पांढरं धोतर अंथरलेलं होतं. गुरवाची बायको, गुरवीणकाकू, प्रत्येकीची टोपली घ्यायची आणि भाकरी काढून मोठ्यानं मोजत धोतरावर रचायची. बायकांचा हा घोळका, हसणं-खिदळणं. पलीकडं कढईत आमटी रटरटत होती, मोठ्या पळीनं ती ढवळणाऱ्यांत हेही होते, घामानं निथळत. माझी टोपली आली. ठिगळं बघून कुणीतरी फिसकन हसलं.

"सात... आठ... नव... धा."

काकूंचा हात टोपलीत फिरला. रिकामा वर आला. त्या माझ्याकडं बघायला लागल्या. हसणं थांबलं. एकीकडून दुसरीकडं असं करत सगळा घोळका गप्प झाला.

मला वाटलं, पकडले गेले. देवाची भाकरी चोरली, तीही पहिल्याच खेपेला. मान खाली गेली आणि डोळ्यांत पाणी आलं.

बस. तेवढंच बाकी होतं. गजराक्कानं छातीवर हात मारून असा काही हंबरडा फोडला की देवळावरची कबुतरं उडाली. "आगं माझ्ये आत्याबाई गंऽऽ! सकाळी तर बोलली गं माझ्यासंगं!"

आता मला काय माहीत! घरातलं माणूस गेलं असेल तर त्या वर्षी टोपलीत एक भाकरी कमी न्यायची, अशी तिथली रीत. तोंडानं कुणी सांगायचं नाही, टोपली सांगते. मला हे कुणी शिकवलं नव्हतं, कारण असलं कुणाला शिकवावं लागतं हेच कुणाला ठाऊक नव्हतं. तिथं जन्मलेल्या पोरीला ते श्वास घेण्यासारखं येतं. मी मोंबासाला बदकं भरायला शिकत होते.

मी तोंड उघडलं, आणि मराठी पार पळाली. जे बाहेर आलं ते तिकडचं आलं. "हापाना! हापाना!" म्हणजे नाही, नाही. मी मान हलवतेय, हात हलवतेय, रडतेय, आणि बायका मला कुशीत घेऊन म्हणताहेत, "रड बाई, रड, मोकळी हो." गजराक्का पुढं धावली, तिच्यामागं दहा-बारा जणी, रडत, पदर सावरत. आणि मी पाहिलं, ह्यांच्या हातातली पळी कढईतच सुटली. ते अनवाणी पळत सुटले. माझ्याजवळून गेले, पण त्यांना मी दिसले नाही. तो चेहरा मी अजून विसरले नाही. त्याचं मात्र मला कधी हसू आलं नाही.

मी पोचले तेव्हा दारात हीऽ गर्दी, आणि सगळी गर्दी मुकी. उंबऱ्याशी आत्याबाई डाव्या कोपरावर जेमतेम उठलेल्या. लांबून येणारी रडारड त्यांनी ऐकली होती आणि त्यांचा रंग उडाला होता.

"कोन गेलं?" त्या विचारत होत्या. "गजरे, बोल की! कोन गेलं?"

गजराक्काचा आ वासलेला. शेवटी तिच्या तोंडून निघालं, "तुमीच गेला की वो!"

हे भिंतीला टेकून मटकन खाली बसले. गुडघ्यांत डोकं घातलं. त्यांचे खांदे हलत होते. रडत होते का हसत, त्यांनी मला नंतरही सांगितलं नाही.

आत्याबाईंना उलगडायला वेळ लागला नाही. त्यांनी मला हाक मारली. "अकरावी कुठं हाय?"

मी पितळीखालून काढून आणली. गार झाली होती, पण पापुद्रा तसाच सुटा होता. "तुमच्यासाठी ठेवली," मी म्हटलं. मराठी परत आली होती, पण फार थोडी. "फुगली होती. तुम्ही झोपला होता."

त्यांनी ती डाव्या हातात घेतली. अंगठा कडेवरून सगळीकडं फिरवला, पूर्ण गोल, चीर लागते का बघत. नाकाशी नेली. दारातल्या बाया बघत होत्या. मला वाटलं, आता खातील. एक तुकडा तरी मोडतील.

"दिऊन ये द्येवाम्होरं," त्या म्हणाल्या. "मी हाय म्हनावं."

"आत्याबाई, अर्धी तरी खा. अर्धी नेते."

"अर्धी?" त्यांचे डोळे चमकले. "अर्धं अंग गेलं त्ये बास न्हाई व्हय? गावाम्होरं तरी मला पुरी ऱ्हाऊ दे."

बाया हसल्या, गजराक्का तर डोळे पुसत हसली, आणि मी ती भाकरी दोन्ही हातांवर घेऊन निघाले. टोपली नाही, फडकं नाही. भर दुपारचा, सावली नसलेला तो रस्ता, पायाखाली फुफाटा, आणि ओंजळीत एक गार भाकरी. गुरवीणकाकूंनी ती घेतली, आमच्या दहांवर ठेवली आणि सगळ्या देवळाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "अकरा!" पुरुषांनी पुन्हा आमटी ढवळायला घेतली. तळाला जराशी लागली होती. ती करपलेली आमटी त्या वर्षी सगळ्या गावानं वरपली, आणि कुणी नाव ठेवलं नाही.

आत्याबाईंसाठी मी वाटीभर आमटी आणि कुणाच्या तरी घरची भाकरी आणली. चुरून भरवली. "मीठ न्हाई हिच्यात," त्या म्हणाल्या. "गजरीची हाय." आणि जरा वेळानं, "तुझी कुनाच्या पानात गेली आसंल गं?"

ते मला आजही माहीत नाही. त्या दिवशी पंगतीत बसलेल्या कुणीतरी माझी पहिली फुगलेली भाकरी आमटीत चुरून खाल्ली आणि हात धुऊन उठून गेलं.

त्यानंतर मी रोज थापत होते. मिलो रोज फाटत होती. आत्याबाई रोज विचारायच्या, "फुगली?" मी म्हणायची, "फुगूच देणार नाही." पण आता त्यात गंमत उरली नव्हती, दोघींनाही ते कळत होतं, आणि तरी आम्ही रोज तेच बोलायचो. मृगात पाऊस आला. रानात बाजरी पोटरीला आली. त्या विचारायच्या, किती आलीया? मी हातानं उंची दाखवायची. नवी बाजरी घरात येऊ दे, मग बघा कशा फुगतात, असं मी सांगायची. कणसं भरली. दाणा हिरवा होता. अजून पंधरा-वीस दिवस, फार नाही. भाद्रपदात एका सकाळी चूल पेटवून मी हाक मारली आणि उंबऱ्यावरून उत्तर आलं नाही.

बाजरी मग आली. भाकरी फुगल्या. एकेक अशी टम्म, की हे ताटावर बसून बघत राहायचे. हाताला कळायला लागलं होतं, पाणी किती, ताव किती. कधी कळायला लागलं तेच कळलं नाही. मी चुलीपुढून उंबऱ्याकडं वळायची, आणि पुन्हा तव्याकडं.

मंडपात आता पंगती बसायला लागल्या आहेत. सई मला पान आणून देते. क्रेटमधली भाकरी, त्यावर आमटी. मी चुरते. चांगली आहे, खरंच चांगली आहे. मीठही बेताचं. "कशी आहे?" ती विचारते. "कुणाच्या हातची?" मी विचारते. तिला काय माहीत.

आत्याबाई गेल्या त्याच्या पुढच्या चैत्रात मी टोपली घेऊन गेले तेव्हा धोतर तिथंच अंथरलेलं होतं. गुरवीणकाकूंनी एकेक भाकरी बाहेर काढली. पांढऱ्या ज्वारीच्या, गोल, पातळ, कडा जुळलेल्या. बाया वाकून बघत होत्या. काकू सावकाश मोजत होत्या, नेहमीपेक्षा सावकाश. नऊ झाल्या. दहा म्हणून त्या थांबल्या आणि त्यांनी टोपलीत पुन्हा हात घातला नाही. गजराक्का माझ्या शेजारीच उभी होती, तोंडाला पदर लावून. मी तिच्याकडं बघत होते. मनात सारखं येत होतं, ओरड ना गं. फोड हंबरडा, उडव ती कबुतरं, आणि सुट पळत आमच्या घराकडं.

पण गजराक्कानं नुसता माझा हात धरला.

मग काकूंनी पुढची टोपली ओढली आणि पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली.